एका बटणावरची चिकटपट्टी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. वडिलांनी सुरू केलेला प्रेस शॉप मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत चालवतो. माझे वय ३६. आमच्याकडे सात पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारी यंत्रे, आहेत, १६ कायम कामगार आहेत आणि ८ मुले ठेकेदारामार्फत येतात. चारचाकी गाड्यांच्या सीटखाली आणि पेडलपाशी बसणारे पत्र्याचे छोटे भाग आम्ही बनवतो. धंदा बरा चालला आहे, कर्ज आटोक्यात आहे, घरी सारे सुखरूप आहेत. तरीही गेली दोन वर्षे सकाळी शटर वर करताना मनात येते की हे सगळे कशासाठी? गेल्या वर्षी मुंबईला एका शिबिराला गेलो होतो. उद्योगाला उदात्त हेतू हवा, असे तिथे सांगितले. परत आल्यावर आमची मूल्ये लिहिलेली मोठी पाटी करून हजेरीच्या यंत्रावर लावली. ती कोणी वाचत नाही. २०२७ च्या सिंहस्थात अन्नछत्र घालावे असे मनात आहे आणि त्यासाठी पैसे बाजूला ठेवू लागलो आहे. कधी वाटते, शेड विकून सुरगाण्याच्या आदिवासी भागात एखाद्या संस्थेत काम करावे. वडील म्हणतात, ‘काम नीट कर, बाकीचे आपोआप येईल.’ पण काम नीट म्हणजे काय, हेच मला कळेनासे झाले आहे. ऑर्डर अडली की मुले प्रेसच्या दोन बटणांपैकी एकाला चिकटपट्टी लावतात. मी ओरडतो, पण महिनाअखेर आली की मीही पाहून न पाहिल्यासारखे करतो. दिवाळीला सर्वांना मिठाई आणि भांडी देतो, ठेकेदाराच्या मुलांनाही. त्यांचा पीएफ वगैरे ठेकेदार पाहतो. कोणाच्या घरी अडचण आली तर मी हात आखडता घेत नाही. खंडेनवमीला वडील सर्वांत जुन्या कामगाराच्या हातून नारळ फोडवत. मी दोन वर्षांपासून मोठ्या ग्राहक कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्यांना बोलावतो. मी काय करावे?

— अंबडहून एक वाचक

---

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले. पहिल्या दोन वाचनांत अन्नछत्र, पाटी आणि सुरगाणा यांच्याकडेच माझे लक्ष गेले, कारण तुमचे स्वतःचे लक्षही तिथेच आहे. तिसऱ्या वेळी मात्र चिकटपट्टीच्या वाक्यापाशी मी थांबले आणि पुढे जाईना. तुम्ही ते वाक्य ओघात लिहून गेला आहात. माझ्या समजुतीप्रमाणे तुमचे सारे पत्र त्या एका वाक्यात आहे, आणि म्हणून माझ्या उत्तराचा मोठा भाग मी तिथेच खर्च करणार आहे.

मी सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब विभागात सव्वीस वर्षे काढली. प्रेस मी कधी चालवली नाही. पण प्रेसवर बोट गेल्यानंतर जे कागद भरावे लागतात, ते मी पुष्कळ भरले आहेत. अपघात कसा झाला, हे त्यात लिहावे लागते, आणि आम्ही बहुतेक वेळा तिथे ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’ असे लिहीत असू. ते लिहिताना माझा हात कधी थांबला नाही, याची खंत मला आजही आहे. कारण नंतर शॉपमध्ये जाऊन उभी राहू लागले तेव्हा मला दिसले, की बेफिकीर म्हणून कोणी आपली बोटे डायखाली, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याखाली, घालत नाही.

दोन बटणे एकमेकांपासून लांब बसवतात ती दोन्ही हात त्यांच्यावर असल्याशिवाय स्लाइड, म्हणजे प्रेसचा वरून येणारा भाग, खाली येऊ नये एवढ्याचसाठी, हे तुम्हाला मी सांगायला नको. एका बटणावर पट्टी बसली की एक हात मोकळा होतो आणि तो मोकळा हात डायकडेच जातो, कारण तिथला नग काढून पुढचा ब्लँक, म्हणजे कापलेला पत्र्याचा तुकडा, ठेवायचा असतो. मिनिटाला दोन-तीन नग जास्त निघतात. जुन्या पिन क्लचच्या प्रेसमध्ये तर क्लच एकदा धरला की स्लाइड पूर्ण फेरा करूनच थांबते. मध्ये हात आहे म्हणून तिला अडवता येत नाही. त्यामुळे अशा प्रेसवर लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की यंत्र थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, बसवून भागत नाही. तिथे डायभोवती पक्के गार्ड लागते, ज्यातून पत्रा आत जाईल पण बोट जाणार नाही. आणि सुटा ब्लँक ठेवायचाच असेल, तर हात आत न घालता तो ठेवता यावा म्हणून चिमटा किंवा चुंबकाची दांडी लागते. एअर क्लच आणि ब्रेक असलेल्या प्रेसवर लाइट कर्टनचा उपयोग होतो, कारण ती मध्येच थांबू शकते. तुमच्या सात प्रेसपैकी कोणती कशी आहे, हे एका कागदावर लिहून काढणे हे या आठवड्यातले पहिले काम आहे, असे मी समजते.

दुसरे काम याहून अवघड आहे. ज्या मुलाने पट्टी लावली, त्याला केबिनमध्ये बोलावू नका. तुम्ही त्याच्याकडे जा, मशीन बंद करा, त्याच्या जागेवर बसा आणि त्याला विचारा, की ही पट्टी तुला का लागते? विचारल्यावर गप्प बसा. आमच्या कारखान्यात एका प्रेसवर वर्षभर हाच झगडा चालला होता. सुपरवायझर पट्टी काढत असे आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दिसत असे. दंड झाला, समज देऊन झाली, एकाला तर घरी बसवले. शेवटी एका वयस्कर फिटरने त्या मुलाच्या शेजारी स्टूल टाकून एक अख्खी शिफ्ट काढली, तेव्हा उलगडा झाला. बटणांचा पॅनल पूर्वीच्या उंच ऑपरेटरच्या मापाने बसवला होता आणि हा मुलगा बुटका होता. शिफ्टमध्ये तीन हजार वेळा त्याला दोन्ही खांदे वर उचलावे लागत. दुपारनंतर त्याचा उजवा हात वर जाईना, म्हणून त्या बाजूच्या बटणावर पट्टी येत असे. फिटरने दोन्ही बटणांमधले आणि बटणांपासून डायपर्यंतचे अंतर कायम ठेवून पॅनल वीतभर खाली घेतला, आणि तयार नगांची पेटी पाठीमागे होती ती बाजूला आणली. पट्टी पुन्हा दिसली नाही. त्या फिटरला ना पाटी लिहिता आली असती ना भाषण करता आले असते. मला वाटत होते की मला सगळे माहीत आहे, आणि ते खोटे होते, एवढे त्याच्या त्या एका दिवसाने मला शिकवले. मी जिला नम्रता म्हणते ती मी त्या स्टुलावर बसलेली पाहिली आहे.

तुमच्याकडे कारण वेगळे निघेल. कदाचित नगांवर बोनस असेल. असल्यास तो नगांच्या संख्येवरून काढून चांगल्या नगांवर, हजेरीवर किंवा साऱ्या शिफ्टच्या मिळून कामावर ठेवा. कदाचित डाय बोथट झाली असेल आणि नग अडकत असेल. पण एक कारण मी न पाहताच सांगू शकते, कारण ते तुम्ही स्वतःच लिहिले आहे: महिनाअखेर. पट्टी लागते मुलाच्या हाताने, पण ती लावायला भाग पाडते ती तुम्ही फोनवर कबूल केलेली तारीख. खरेदी विभागातून फोन येतो, अठ्ठावीस तारखेपर्यंत वीस हजार नग हवेत, आणि चौदाच हजार निघणार हे माहीत असूनही तुम्ही ‘होऊन जाईल साहेब’ म्हणता. मधले सहा हजार नग कोणाच्या तरी बोटांच्या जोखमीवर निघतात. तिथे ‘आमच्याकडून एवढेच होतील, उरलेले पाच तारखेला देतो’ असे सांगणे तुम्हाला कमीपणाचे वाटत असेल. मी त्यालाच नम्रता म्हणते. कामगारांशी गोड बोलणे त्या मानाने सोपे आहे. आपली ताकद किती हे ग्राहकाला खरे सांगणे अवघड आहे, कारण तिथे पोटाला चिमटा बसतो. कधी ऑर्डर जाईलही, आणि जाणार नाही अशी खोटी हमी मी देणार नाही. मात्र दोन-तीनदा खरी तारीख देऊन ती पाळलीत, तर तुमच्या तारखेवर विसंबून आपली लाइन आखणारा ग्राहकही तुम्हाला भेटेल, असा माझा अनुभव आहे.

येथे थोडे विषयांतर करते, कारण तुम्ही पेडलपाशी बसणारे भाग बनवता हे वाचल्यापासून मला लहानपणचा कल्हईवाला आठवतो आहे. आम्ही जुन्या नाशकात राहत होतो. तांबट आळीतून तांब्यापितळेच्या भांड्यांवर पडणारे ठोके घरात ऐकू येत, आणि वर्षातून दोनदा कल्हईवाला आमच्या वाड्याच्या चौकात भाता लावून बसत असे. तापून लाल झालेल्या पातेल्यात तो नवसागराची चिमूट टाकी, पांढऱ्या धुराचा लोट उठे, मग कथलाची कांडी आतून टेकवून कापसाच्या बोळ्याने तो ती वितळलेली चांदी फिरवत असे, आणि भांडे पाण्यात टाकताच चर्र आवाज होई. आजी तेथून हलत नसे. मला वाटे, ती चमक पाहायला बसते. एकदा विचारले तेव्हा तिने सांगितले, की कथलात शिसे मिसळले तर कांडी स्वस्त पडते आणि कल्हई तितकीच चमकते. फरक डोळ्यांना दिसत नाही, तो पोटात जातो. आणि मग ती म्हणाली, ‘पण हा माणूस नाही मिसळत. मी बसते ती त्याच्याशी गप्पा मारायला.’

कल्हई नीट नसेल तर निदान ताक कळकते आणि आपल्याला समजते. शिशाचे तर कळतही नाही. तुमच्या कामाचेही तसेच आहे. सीटखालचा ब्रॅकेट ज्याच्या गाडीत बसतो, तो माणूस तो भाग आयुष्यात कधी पाहणार नाही, त्यावर तुमचे नाव नसेल, आणि वळणाच्या जागी पत्र्याला केसाएवढी चीर गेली होती का, हे एखाद्या घाटात जोराचा ब्रेक लागेपर्यंत कोणाला समजणार नाही. सकाळी शटर वर करताना ‘हे कशासाठी’ असा प्रश्न पडतो ना? तुमच्या रिजेक्शनच्या पेटीतला एक नग हातात घ्या आणि तो चुकून चांगल्या पेटीत गेला असता तर कुठे पोचला असता, एवढाच विचार करा. तुमच्या कामाला हेतू बाहेरून आणावा लागणार नाही. तो रोज हजारोंच्या संख्येने तुमच्या शेडमधून टेम्पोत भरला जातो आहे. तो तुम्हाला दिसेनासा झाला, कारण तुम्ही नगांकडे फक्त संख्या म्हणून पाहू लागलात. एखादे दिवशी ग्राहकाची परवानगी काढून तुमच्या कामगारांना गाडी जिथे जोडली जाते ती लाइन दाखवून आणा. आपण केलेला तुकडा माणूस बसणार त्या सीटखाली बसताना पाहिलेला ऑपरेटर पुढच्या दिवशी वळणाची चीर वेगळ्या नजरेने पाहतो. मी हे पाहिलेले आहे.

आता पैशांकडे वळते, आणि हे तुमच्या मनाला कदाचित लागेल.

‘त्यांचा पीएफ वगैरे ठेकेदार पाहतो’ असे तुम्ही लिहिले आहे. ठेकेदार पाहत नसेल तर? पीएफ आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, या दोन्हींच्या बाबतीत ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर ती भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे तुमच्यावर येते. ते आठही जण तुमच्याच प्रेसवर उभे राहतात. त्यांच्यापैकी एकाला महिन्याला १५,००० रुपये मिळतात असे धरू. मालकाची ईएसआयची वर्गणी जुलै २०१९ पासून सव्वातीन टक्के आहे, म्हणजे ४८७ रुपये ५० पैसे. पीएफचे बारा टक्के म्हणजे १,८०० रुपये. आठ जणांचे मिळून महिन्याला १८,३०० रुपये, आणि पीएफचा थोडा प्रशासकीय खर्च वेगळा. एवढ्या रकमेत त्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना सातपूरच्या ईएसआय रुग्णालयाचा दरवाजा उघडतो, आणि कामावर जखम होऊन तो घरी बसला तर बरा होईपर्यंत मजुरीच्या नव्वद टक्के मिळतात. या महिन्यात ठेकेदाराकडून त्या आठ जणांचे पीएफचे यूएएन क्रमांक, ईएसआयचे क्रमांक आणि मागच्या सहा महिन्यांची चलने मागवून घ्या. तो टाळाटाळ करू लागला तर उत्तर तुम्हाला मिळालेच, आणि मग अन्नछत्रासाठी बाजूला ठेवलेले पैसे आधी कुठे जायला हवेत, हे मी सांगण्याची गरज नाही.

अन्नछत्राला माझा विरोध नाही. मी गोदाकाठी वाढले. २०१५ च्या सिंहस्थात आमच्या घरूनही रोज पोळ्या जात होत्या, आणि पंक्तीत वाढताना मिळणारे समाधान खरे असते हे मला ठाऊक आहे. पण ते समाधान आपल्याला एवढे लवकर का मिळते, याचाही विचार करा. जेवणारा माणूस हात जोडतो आणि पुढे जातो. तो पुन्हा येऊन काही मागत नाही. दिवाळीच्या भांड्यांचेही तेच आहे. कामगाराच्या घरी अडचण आली की तुम्ही पैसे देता, हा तुमचा मोठेपणा खराच आहे. परंतु जे त्याचे हक्काचे आहे ते न देता वरचे देऊ लागलो, तर दानही त्याला मिंधे करते. पगाराची स्लिप घेताना तो तुमच्या नजरेला नजर देऊन उभा राहतो, भांडी घेताना वाकतो. मला स्वतःला पहिले दृश्य अधिक आवडते.

आपल्याकडे या दोन्ही बाजूंचा इतिहास आहे, आणि तो फार जुना नाही. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली. तिथे १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड आला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला तो १९२३ साली, आणि भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ साली. म्हणजे कायद्याने सांगण्याच्या कितीतरी आधी एका मालकाला ते सुचले. हे उदाहरण शिबिरांत नेहमी देतात, आणि द्यायलाच हवे. पण त्याच काळातले दुसरे नाव तिथे क्वचित ऐकू येते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि सभा, अर्ज, निवेदने असे करत करत १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आठवड्याची ही सुट्टी कोण्या मालकाने प्रसन्न होऊन दिलेली नाही. ती मागावी लागली. मालकाच्या मनात आपणहून आलेले चांगले आणि कामगाराने मागून घेतलेले चांगले, या दोहोंनी मिळून आजचा कारखाना उभा आहे. पहिल्याच प्रकारच्या चांगुलपणावर भर दिला, की मालकाला आपण दाता आहोत असे वाटू लागते. तुमच्याकडचा एखादा मुलगा उद्या ठेकेदाराच्या पीएफविषयी विचारायला आला, तर तो कृतघ्न आहे असे तुमच्या मनात येईल की तो बरोबर विचारतो आहे असे वाटेल, एवढे स्वतःशी प्रामाणिकपणे तपासून पाहा.

तुमच्या पत्रात प्लेटिंगवाल्याचा, म्हणजे भागांना गंज लागू नये म्हणून त्यांवर जस्ताचा थर चढवून देणाऱ्याचा, उल्लेख नाही. प्रेस शॉप आहे म्हणजे बाहेर प्लेटिंगला माल जात असणार, डाय बनवणारा टूल रूमवाला असणार, टेम्पोवाला असणार, म्हणून मुद्दाम विचारते: त्यांचे बिल किती दिवसांनी जाते?

हे विचारण्यामागे माझा एक जुना अपराध आहे. आमच्याकडे झिंक प्लेटिंग करून देणारा एक छोटा कारखानदार होता. दोन टाक्या, चार माणसे. त्याची तीन महिन्यांची बिले आमच्याकडे अडकली होती. कारखान्याकडे पैसे नव्हते असे नाही. आधी मोठ्यांचे द्यायचे आणि लहानांना थांबवायचे, अशी तेथे पद्धत होती आणि ती पद्धत मी राबवत होते. एका पावसाळी दुपारी तो चलनांची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून आला. साहेब आत बसलेले होते आणि मी त्याला सांगितले, की साहेब बाहेर गेले आहेत. तो म्हणाला, ‘थांबतो मॅडम.’ गेटजवळच्या बाकावर तो तीन तास बसून होता. मधून मधून आमची नजरानजर होई, आणि तो माझ्याकडे पाहून हसत असे. मी खोटे बोलले हे त्याला कळले होते, असे मला आजही वाटते. त्याने आवाज चढवला असता तर मला बरे वाटले असते. त्या महिन्यात त्याचा जो माल आला, त्याला महिन्याभरात गंज चढला. जस्ताचा थर आठ मायक्रॉनऐवजी पाचच भरला होता. रसायनाला पैसे नव्हते, म्हणून त्याने टाकीतला वेळ कमी केला होता. आमच्या कारखान्याने त्याच्या बिलातून पैसे कापण्याची डेबिट नोट काढली; ती नोट मीच टाइप केली. गंजाची सुरुवात त्याच्या टाकीत झाली नव्हती, ती माझ्या टेबलावर झाली होती.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा आता पुष्कळांना माहीत झाला आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेली अशी रक्कम ती प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून धरता येत नाही. तुमचे मोठे ग्राहक तुम्हाला नव्वद दिवस लावत असतील, आणि त्यांच्याविरुद्ध या कायद्याचा आधार घ्यायला तुम्ही बिचकत असाल. ती अडचण मला समजते. पण वरून आलेला उशीर खाली ढकलायचा की आपल्यापाशी अडवायचा, हे ठरवणे तुमच्या हातात आहे. सगळा अडवता येणार नाही. निदान तुमच्यापेक्षा लहान असलेल्यांची यादी करा, त्यांची बिले दर महिन्याच्या ठरावीक तारखेला द्या, आणि ज्या महिन्यात जमणार नसेल त्या महिन्यात तुम्ही स्वतः, त्यांनी फोन करण्याआधी, फोन करून सांगा. अन्नछत्रासाठी पैसे बाजूला काढण्याची शिस्त तुमच्यात आहेच. त्याच शिस्तीने प्लेटिंगवाल्याचे पैसे बाजूला काढता येतील. बाजारात ज्याला पत म्हणतात ती अशाच फोनांतून उभी राहते, आणि वडिलांनी तुम्हाला शेडबरोबर जी दिली आहे तीही बहुधा अशीच मिळवली असेल. त्यांना एकदा विचारून पाहा. ‘काम नीट कर’ हे त्यांचे वाक्य तुम्हाला पोकळ वाटते, कारण ते वाक्यच तेवढे तुमच्यापर्यंत आले; त्याच्या मागचे प्रसंग त्यांनी सांगितले नसतील.

शेड विकण्याविषयी थोडक्यात सांगते. सुरगाण्यात काम करणाऱ्या माणसांविषयी मला आदर आहे आणि तुम्हाला खरोखर त्या कामाची ओढ असेल तर वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तिकडे जाणे मुळीच चुकीचे नाही. पण आज तुम्ही जाल ते शटरपासून दूर जाण्यासाठी, आणि असा माणूस जिथे जाईल तिथे दोन वर्षांनी त्याला नवे शटर दिसू लागते. शिवाय तुमच्या चोवीस जणांत पेठ-सुरगाण्याकडून आलेली मुले नाहीत का? नाशिकच्या बऱ्याच शेडमध्ये असतात. सुरगाण्यासाठी काही करण्याची सुरुवात तुमच्या तिसऱ्या प्रेसवरही होऊ शकेल. वर्षभर हे सारे करून पाहा; त्यानंतरही ओढ तशीच राहिली, तर पुन्हा लिहा आणि तेव्हा मी तुम्हाला थांबवणार नाही.

पाटी उतरवून ठेवा. त्यात लिहिलेले वाईट आहे म्हणून नव्हे. खालच्या प्रेसवर पट्टी असताना वर ती पाटी असली, की वाचणाऱ्याला दोन्ही एकत्र दिसतात. त्या जागी सातही प्रेसच्या गार्डची अवस्था रोज सकाळी खडूने लिहिण्याचा एक काळा फळा लावा, आणि तो लिहिण्याचे काम ऑपरेटरांकडे द्या. गार्ड निघालेले असेल त्या प्रेससमोर फुली, आणि फुली असलेली प्रेस त्या दिवशी सुरू होणार नाही, मग तारीख कोणतीही असो. पहिल्या महिनाअखेरीला तुमचा हा शब्द पणाला लागेल. मुले त्याच दिवशी तुमच्याकडे पाहत असतील.

राहिला नारळ. खरेदी अधिकाऱ्यांना खंडेनवमीला बोलावण्यात गैर काही नाही. ते पाहुणे म्हणून येऊ देत, त्यांना पेढा द्या, त्यांचा मान ठेवा. पण त्या दिवशी पूजा असते ती हत्यारांची. यंत्रे धुऊनपुसून, झेंडू वाहून, वर्षातून एक दिवस थांबलेली असतात, आणि त्यांच्यापुढे नारळ फोडण्याचा मान त्यांच्याजवळ उभा राहून ज्याचे आयुष्य गेले त्याचा आहे. वडिलांना हे कळत होते. तुम्ही ते बदललेत याचा सल तुमच्या मनात आहे म्हणून तर तुम्ही मला लिहिले. त्या जुन्या कामगाराकडे जा आणि गेली दोन वर्षे चूक झाली असे साध्या शब्दांत सांगा. कारणे देऊ नका. त्याच्याशी बोलायला खंडेनवमीची वाट पाहण्याचेही कारण नाही, तो उद्या सकाळी कामावर येणारच आहे.

आणि पुढचे पत्र लिहाल तेव्हा त्या मुलाने बटणाविषयी काय सांगितले ते आधी लिहा, आणि सात प्रेसपैकी पिन क्लचच्या किती निघाल्या तेही.